आपल्या गल्लीचा पाऊस, आपल्या वहीत

२६ जुलै २००५ ही तारीख मुंबईच्या वस्त्यांना आठवण करून द्यावी लागत नाही. हवामान खात्याच्या दप्तरात त्या दिवसाचे दोन आकडे आहेत. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच वेळात सुमारे ७४ मिलिमीटर. शहर एकच आणि दोन्ही ठिकाणांमधले अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. कुलाब्यात तो पावसाळ्यातला एक जोराच्या सरींचा दिवस होता. मिठी नदीच्या काठी मात्र घरे छतापर्यंत बुडाली, माणसे वाहून गेली, धान्य-कपडे-दप्तरे सगळे चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर तापाची साथ आली. लेप्टोस्पायरोसिस हे अवघड नाव अनेक घरांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

आता विचार करा. ‘मुंबईत आज इतका पाऊस झाला’ असे बातमीत सांगतात, तेव्हा तो पाऊस कोणाच्या गल्लीतला असतो? ‘नागपूरचा पारा ४५ वर’ असे छापून येते, तेव्हा तो पारा कुठे लावलेला असतो? आपल्या पत्र्याखाली नक्कीच नाही. पाऊस, उष्णता आणि हवेतला धूर शहरभर सारखे पसरत नाहीत. आजार मात्र आपल्याच घरात येतो. म्हणून निदान एक मोजमाप आपल्या वस्तीतलेही असले पाहिजे.

हे काम आठवी ते बारावीची आपली मुले-मुली सहज करू शकतात. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक नरसाळे, एक डबा, दोन-तीन तापमापक, रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या आणि शंभर पानी वही एवढे सामान पुरते. खर्च काही शे रुपयांचा. खरी गरज आहे ती रोज न चुकता नोंद करण्याची.

असे आधी कोणी केले आहे का?

केले आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचे शहर आहे. १९९७ च्या जुलै महिन्यात त्या शहराच्या एका भागात काही तासांत एक फुटाहून जास्त पाऊस कोसळला, तर दुसऱ्या भागात साधाच पाऊस होता. पुरात पाच जीव गेले. सगळ्यात मोठा तडाखा नाल्याकाठच्या, चाकांवरच्या हलक्या घरांच्या वस्तीला बसला. कुठे किती कोसळते आहे हे वेळेवर कळण्याइतके पर्जन्यमापकच शहरात नव्हते. दुसऱ्या वर्षी, १९९८ मध्ये, तिथल्या हवामानतज्ज्ञांनी शाळकरी मुलांच्या मदतीने साध्या माणसांकडून घरोघरी पाऊस मोजून घ्यायला सुरुवात केली. आज त्या जाळ्यात हजारो लोक रोज आपापल्या अंगणातला पाऊस मोजतात.

आपल्या देशात केरळच्या वायनाड जिल्ह्यातही गावोगावचे लोक पाऊस मोजून एका ठिकाणी कळवतात. डोंगरउतारावर राहणाऱ्याला शेजारच्या शहरातला आकडा उपयोगी पडत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले आहे. नाल्याकाठी राहणाऱ्यालाही तेच लागू आहे.

पाऊस कसा मोजायचा

‘एक मिलिमीटर पाऊस’ म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, आटले नाही, तर ते जितके उंच साचेल तितका पाऊस. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी जमते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ९३० लिटर पाणी खाली येते. म्हणजे दोनशे लिटरची साडेचार पिंपे. अशी शंभर घरे धरा. ९३ हजार लिटर पाणी आपल्या एका अरुंद गटाराकडे धावते. गल्ली का तुंबते, हे या साध्या हिशेबातून मुलांना कळेल.

पर्जन्यमापक घरी करता येतो. तोंडाचा व्यास ११.३ सेंटिमीटर असलेले प्लास्टिकचे नरसाळे घ्या. अशा नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरते. ते पाच लिटरच्या कॅनवर घट्ट बसवा. आत जमलेले पाणी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नव्या सिरिंजने, सुई न लावता, मोजा. दर १० मिलिलिटर पाण्याला १ मिलिमीटर पाऊस. कॅनमध्ये ३२० मिलिलिटर पाणी निघाले, तर पाऊस ३२ मिलिमीटर. नेमके त्या मापाचे नरसाळे मिळाले नाही, तरी अडत नाही. तोंडाचे क्षेत्रफळ काढा, मिलिलिटरला त्या क्षेत्रफळाने भागा आणि दहाने गुणा. वर्तुळाचे क्षेत्रफळ शाळेत शिकवलेलेच असते. इथे त्याचा उपयोग होईल.

मापक ठेवायची जागा मोकळी हवी. झाड, भिंत किंवा टाकी जितकी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर तो असावा. वस्तीत अशी जागा सापडणे कठीण. विहाराची किंवा समाजमंदिराची गच्ची बहुधा सगळ्यांत बरी. कॅन विटांमध्ये पक्का बसवा आणि नरसाळ्याचे तोंड जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवा, म्हणजे उडालेले शिंतोडे आत जाणार नाहीत. एकदा जागा ठरली की ती हलवू नका. जागा बदलली तर कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलना होत नाही.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. आपणही तीच वेळ धरावी, म्हणजे त्यांच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहता येईल. मुलांची सकाळची शाळा असेल, तर घरची आई, आजी किंवा आजोबा पाणी मोजतील आणि मुले संध्याकाळी वहीत उतरवतील. पाऊस पडला नाही त्या दिवशीही ‘०’ लिहायचे. कोरी जागा म्हणजे ‘मोजले नाही’, आणि शून्य म्हणजे ‘मोजले, पाऊस नव्हता’. या दोन्हींत फार फरक आहे.

हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्याहून जास्त म्हणजे अतिशय जोरदार. पण गल्लीला आणखी एक आकडा लागतो. गल्लीच्या तोंडाशी एखाद्या खांबावर किंवा भिंतीवर ऑइलपेंटने दर दहा सेंटिमीटरला एक रेघ मारा. पाणी चढले की कितव्या रेघेपर्यंत आले, ते पावसाच्या आकड्याशेजारी लिहा. एक पावसाळा सरला की तुमच्या गल्लीचा धोक्याचा आकडा हाती येईल. समजा, तासाभरात ३० मिलिमीटर पडले की तुमच्याकडे दुसऱ्या रेघेपर्यंत पाणी येते. मग पुढच्या वेळी पिठाचा डबा, मुलांची पुस्तके, विजेचा बोर्ड आणि घरातली आजारी माणसे यांची सोय वेळेवर होईल.

मुंबईच्या जुन्या पावसाळी गटारांचा हिशेब तासाला २५ मिलिमीटर पावसाचा होता. नंतरच्या सुधारणा योजनेत तो ५० मिलिमीटरचा धरला गेला. म्हणून चोवीस तासांच्या आकड्याबरोबर तासाचा आकडाही कामाचा आहे. मोठी सर आली की एखादा मोठा माणूस तासातासाला पाणी मोजून लिहू शकतो. मात्र वीज कडाडत असेल तर कोणीही गच्चीवर जायचे नाही, ओल्या पत्र्यावर मुलांनी कधीच चढायचे नाही आणि रेघ वाचण्यासाठी साचलेल्या पाण्यात उतरायचे नाही. आकडा राहिला तरी चालेल.

तापमान कुठले, सावलीतले की पत्र्याखालचे?

वेधशाळेतला तापमापक मोकळ्या जागेत, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो. त्याच्यावर ऊन पडत नाही, पण वारा लागतो. हे योग्यच आहे, कारण सगळीकडचे आकडे एकाच पद्धतीने घेतले तरच त्यांची तुलना होते. त्यावरूनच उष्णतेची लाट जाहीर होते. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश आणि किनाऱ्यालगत ३७ अंश झाल्याशिवाय लाटेचा विचार होत नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले. तोही आकडा सावलीतलाच.

आपल्या खोलीत तशी सावली नसते. पत्रा दिवसभर तापतो आणि ती धग खाली सोडतो. खिडकी एकच, समोरची भिंत हातभर अंतरावर, शेजारी चूल किंवा गॅस. स्लॅब पत्र्यापेक्षा सावकाश तापतो, पण सावकाश निवतोही, म्हणून रात्री अकरालाही अंगाला धग लागते. दिवसभर तापलेले शरीर रात्री निवले पाहिजे. रात्रीच खोली थंड झाली नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक बाधते. म्हातारी माणसे, तान्ही बाळे, गरोदर बाया, तसेच रक्तदाबाची आणि मूत्रपिंडाची औषधे घेणारी माणसे यांना हा त्रास आधी होतो.

म्हणून मुलांनी निदान तीन ठिकाणी मोजावे. एक विहाराच्या व्हरांड्यात सावलीत, दुसरे पत्र्याच्या खोलीत आणि तिसरे स्लॅबच्या खोलीत. वेळा चार ठेवाव्यात : सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री दहा. शाळेच्या प्रयोगशाळेत वापरतात तसा, लाल द्रवाचा, ५० किंवा १०० अंशांपर्यंतचा तापमापक घ्या. पाऱ्याचा नको. तो फुटला तर पारा विषारी असतो. अंगातला ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही, कारण तो साधारण ३५ ते ४२ अंशच दाखवतो. तापमापक भिंतीला टेकवू नका, दोरीने मोकळा टांगा. त्याच्यावर ऊन किंवा चुलीची धग थेट येऊ देऊ नका.

सुरुवात करण्याआधी सगळे तापमापक एका पातेल्यातल्या पाण्यात दहा मिनिटे एकत्र बुडवून ठेवा. सगळ्यांनी सारखा आकडा दाखवला पाहिजे. एखादा एक अंश जास्त दाखवत असेल, तर त्याच्यावर चिठ्ठी लावा आणि त्याच्या प्रत्येक आकड्यातून एक वजा करा. हे केले नाही, तर खोल्यांमधला फरक आहे की तापमापकांमधला, हे कधीच कळणार नाही.

किनाऱ्याजवळच्या वस्त्यांत आणखी एक मोजणी करावी. दुसऱ्या तापमापकाच्या टोकाला ओल्या सुती चिंधीचे टोक गुंडाळा आणि चिंधीचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. कोरडा आणि ओला, या दोन आकड्यांत अंतर जास्त असेल, तर घाम वाळतो आणि शरीर निवते. अंतर अगदी कमी असेल, तर हवा दमट आहे, घाम नुसता वाहतो आणि अंग थंड होत नाही. मुंबई-ठाण्यात ३५ अंशांतही जीव घाबरा होतो, त्याचे कारण हे.

या नोंदींचा उपयोग काय? अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. पूर्वसूचना, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी, आणि पुढे गरिबांच्या घरांची छपरे पांढरी रंगवणे अशी कामे त्यात आली. आपल्याकडे हा पांढऱ्या छपराचा प्रयोग मुलांना करून पाहता येईल. सारख्या आकाराची पत्र्याची दोन घरे निवडा. पंधरा दिवस दोन्हींचे तापमान नुसते लिहा. मग एका छपरावर मोठ्या माणसांनी, सकाळी ऊन चढण्याआधी, चुन्याचा पांढरा हात द्यावा. पुढचे पंधरा दिवस पुन्हा लिहा. आधीचा फरक आणि नंतरचा फरक यांची तुलना केली की चुन्याने काय साधले ते आकड्यातच दिसेल. शेजाऱ्याला पटवायला तो आकडा पुरेसा आहे.

एप्रिल महिना आपला जयंतीचा. मिरवणुका, सभा, भोजनदान हे सगळे त्याच उन्हात होते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर उन्हात झालेल्या शासकीय पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने चौदा माणसे दगावली. म्हणून जयंती मंडळांनी मुलांच्या वहीकडे पाहून वेळ ठरवावी. दुपारी अडीचचा आकडा रोज चढत असेल, तर मिरवणूक संध्याकाळी काढावी, मंडप घालावा आणि वाटेत पाण्याची पिंपे ठेवावीत.

घरात हे लक्षात ठेवा. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले पाणी घोटघोट प्यायल्याने थकवा आणि गोळे उतरतात. चमचा चहाचा, छोटा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पण माणूस बरळू लागला, बेशुद्ध पडला किंवा अंग चटका बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पावसाचे पाणी आंबट असते का?

तिसरी मोजणी आम्लतेची. पाणी किती आंबट किंवा किती तुरट-खारे हे सांगणाऱ्या मापाला शाळेच्या पुस्तकात सामू म्हणतात. दुकानात पट्ट्या मागताना पीएच पट्ट्या म्हणून मागा. माप शून्य ते चौदा असते. सात म्हणजे मधोमध. सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी. लिंबाचा रस दोनच्या आसपास असतो, ताक साडेचारच्या आसपास, तर साबणाचे पाणी नऊ-दहा. यातली एक पायरी दहापटीची असते. सहा सामूच्या पाण्यापेक्षा पाच सामूचे पाणी दहापट आम्ल, आणि चार सामूचे शंभरपट. त्यामुळे पाच आणि चार यांतला फरक ‘एकाचाच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा थोडा आम्लच असतो. त्याचा सामू सुमारे ५.६ असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. कोळसा आणि गंधकयुक्त तेल जळले की सल्फर डायऑक्साइड निघतो, वाहनांच्या आणि भट्ट्यांच्या धुरातून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. ती पाण्यात मिसळून आम्ले होतात आणि सामू आणखी उतरतो. इंग्लंडमधल्या मँचेस्टर या गिरण्यांच्या शहरात रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनतज्ज्ञाने १८५२ मध्ये शेतातला, शहराच्या कडेचा आणि भर शहरातला पाऊस वेगवेगळा तपासला. शहरात शिरावे तसे पावसातले आम्ल वाढत गेलेले त्याला दिसले. जागा बदलून मोजले, म्हणून ते दिसले. आपल्याकडे हवामान खाते नागपूर आणि पुणे येथील केंद्रांवर पावसाचे पाणी गोळा करून तपासत आले आहे. नागपूरजवळ कोराडी-खापरखेड्याला आणि चंद्रपूरला कोळशावर वीज होते, मुंबईत माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. या भागांतल्या मुलांनी ही तुलना जरूर करावी.

पद्धत अशी. रुंद तोंडाचे काचेचे किंवा प्लास्टिकचे भांडे घासून घ्या. बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा विसळा. पाऊस सुरू होताना ते उघड्यावर ठेवा. पत्र्यावरून किंवा झाडावरून गळलेले पाणी घ्यायचे नाही. पहिल्या सरीचे पाणी एका बाटलीत, अर्ध्या-एक तासानंतरचे दुसऱ्या बाटलीत घ्या. हवेतला मळ पहिली सर धुऊन आणते, म्हणून दोन्ही वेगळे तपासायचे. चार ते सात एवढ्याच टप्प्याच्या पट्ट्या मिळाल्या तर बारीक फरक दिसतो. पावसाच्या पाण्यात क्षार कमी असल्याने पट्टीचा रंग सावकाश बदलतो. पाकिटावर दिलेला वेळ थांबा आणि उजेडात दोघांनी वेगवेगळा वाचा. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर दोन्ही लिहा. लहान मुलांना समजावून सांगण्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचा काढा चांगला. लिंबाने तो लाल-गुलाबी होतो, साबणाने हिरवा. पण पावसातला बारीक फरक त्याने कळणार नाही.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली : सामू सातच्या जवळ आला म्हणून हवा स्वच्छ ठरत नाही. आपल्याकडच्या धुळीत चुन्याचा अंश असतो आणि तो आम्ल मारतो. शेजारी बांधकाम चालू असेल, डम्पर धूळ उडवत असतील, तर पाऊस सात दाखवील आणि छातीत मात्र धूळ जात राहील. आम्ल पावसात भिजल्याने त्वचा जळत नाही. खरे नुकसान ज्या धुराने पाऊस आम्ल झाला तो श्वासात गेल्याने होते. म्हणून सामूच्या आकड्याशेजारी त्या दिवशी कचरा जळत होता का, बांधकाम चालू होते का, वारा कुठून होता हेही लिहावे. घरात दम्याचा रोगी असेल, तर त्याच्या खोकल्याच्या दिवसांशी हे ताडून पाहावे.

दुसरी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा. मुले नळाचे आणि बोअरचे पाणी जरूर तपासतील. पण पट्टी जंतू दाखवत नाही. कॉलरा, कावीळ आणि विषमज्वराचे जंतू असलेल्या पाण्याचाही सामू सात असू शकतो. पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यावे, मग पट्टी काहीही सांगो.

तापाची नोंद पावसाशेजारी

तिन्ही मोजण्या हाती आल्या की खरे काम सुरू होते, ते तुलनेचे. वहीत तारखेखाली एका ओळीत पाऊस, गल्लीतल्या पाण्याची रेघ, तीन ठिकाणचे तापमान आणि सामू लिहा. शेवटी एक रकाना आणखी आखा : या आठवड्यात वस्तीत तापाची किती माणसे झाली? हा आकडा आशाताईंच्या किंवा आरोग्य सेविकेच्या मदतीने भरावा. नुसती संख्या लिहायची. कोणाचे नाव, घर किंवा आजार मुलांच्या वहीत येता कामा नये. आजारी माणसाची लाज राखणे हेही आरोग्याचेच काम आहे.

हा रकाना कशासाठी? लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर आणि जनावरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तेव्हा पाण्यातून चाललो होतो हे माणूस विसरलेला असतो. वही विसरत नाही. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस घेतो. मोठ्या पावसाची तारीख वहीत पाहून पुढच्या आठवड्यात पिंपे, टायर, कुंड्या आणि गच्चीवरच्या ताडपत्र्या रिकाम्या केल्या, तर डास उडण्याआधीच मोडतो.

साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर पाय साबणाने धुवा, जखम झाका आणि चोवीस ते बहात्तर तासांत पालिकेच्या दवाखान्यात जा. लेप्टो होऊ नये म्हणून गोळी द्यायची का, कोणती आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. मुलांचे आणि गरोदर स्त्रियांचे औषध वेगळे असते. दुकानातून परस्पर घेऊ नका. ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल किंवा पिवळे, लघवी कमी, यातले काही दिसले तर एक दिवसही अंगावर काढू नका. डॉक्टरांना ‘अमुक तारखेला गल्लीत पाणी होते’ हे सांगा. निदानाला त्याचा उपयोग होतो.

हीच वही घेऊन वॉर्ड ऑफिसात जाता येते. तिथे आपण वर्षानुवर्षे सांगतो, ‘साहेब, खूप पाणी तुंबते, फार उकडते.’ ‘खूप’ आणि ‘फार’ फायलीत बसत नाहीत. ‘जुलै महिन्यात सहा वेळा पाणी तिसऱ्या रेघेवर आले. त्यांतल्या चार दिवशी पाऊस ६० मिलिमीटरहून कमी होता,’ असे लिहून तारखांसह दिले, तर ते अर्जाला जोडता येते, पोच घेता येते आणि पुढच्या वर्षी पुन्हा दाखवता येते. कमी पावसात पाणी तुंबत असेल, तर दोष पावसाचा नाही, गटाराचा आहे. हे सिद्ध करायला आकडाच लागतो. २००५ च्या पुरानंतर मुंबई महापालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. आपल्या सगळ्यांत जवळच्या मापकाचा आकडा मिळवून तो आपल्या आकड्याशेजारी लिहावा. दोन्हींत रोज थोडा फरक राहणारच. फरक फार मोठा दिसला, तर आधी आपले नरसाळे तपासा, त्यात पान अडकले आहे का ते बघा. आकडा सोयीचा नाही म्हणून बदलायचा नाही. एकदा खोडाखोड झाली की सगळी वही संशयास्पद होते.

येत्या रविवारी विहारात पालक आणि मुलांना एकत्र बोलवा. चार-चार मुलांचे गट करा, त्यांत मुली निम्म्या असू द्या. एक गट पावसाचा, एक तापमानाचा, एक सामूचा आणि एक वहीचा. दर महिन्याला गट बदला, म्हणजे सगळ्यांना सगळे येईल. महिनाअखेर मुलांनी आलेख काढून विहाराच्या भिंतीवर लावावा आणि पाच मिनिटे मोठ्यांना समजावून सांगावा. शेजारच्या वस्तीनेही हेच सुरू केले, तर दोन वह्या शेजारी ठेवता येतील आणि पाणी कुठून कुठे जाते, कोणाची छपरे जास्त तापतात, कोणाकडे धूर जास्त येतो हे दोन्ही वस्त्यांना मिळून मांडता येईल. पहिल्या पानावर वस्तीचे नाव आणि मापकाची जागा लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पहिला आकडा भरा, शून्य असला तरी.